मस्कतचा कोड

धसईतल्या घरी फोनवर +९६८ दिसलं की अनिता ओले हात पदराला पुसत धावायची. हा मस्कतचा कोड, म्हणजे नवऱ्याचाच फोन.

परवा शेखर कायमचा परत आला. आल्या आल्या मस्कतचं सिम त्यानं चुलीत टाकलं.

आज तो तिच्यासमोर भाकरी खात होता, तेवढ्यात फोन वाजला. +९६८ आणि पुढं शेखरचाच जुना नंबर.

“अनिता, मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलाय गो. यंदा नाय जमत यायला.” आवाजही शेखरचाच.

फोन कानाशी धरून ती दाराकडे सरकली. दाराला आतून कुलूप होतं. तिनं लावलेलं नव्हतं.

“बस गो,” जेवणारा शेखर मान वर न करता म्हणाला. “त्याला सांग, मी पोचलो.”