टॅबवरचं शीर्षक

सकाळीच त्याने आईला फोनवर सांगितलं होतं, "मला ताप आहे गं." आई आज पहिल्यांदाच सभागृहात देवाचं गाणार होती, आणि तिच्या चिरक्या आवाजाची त्याला लाज वाटायची.

दुपारी तो ऑफिसात धडधाकट उभा राहून मॅडमना आणि बाकीच्यांना मोठ्या पडद्यावर नवी वेबसाइट दाखवत होता. पान बदललं की वर ब्राउझरच्या टॅबवरचं शीर्षक बदलायचं. तो कोड त्याचाच.

त्याने 'संपर्क' उघडलं. टॅबवर आलं : मुलाला ताप आहे.

"हा काय, रजेचा अर्ज?" मॅडम हसल्या.

"आधीचं शीर्षक पुसायचं राहिलं असेल," तो म्हणाला. त्याचे कान तापले. त्याने सगळ्या कोडमध्ये ते शब्द शोधले. कुठेच नव्हते.

त्याने मुख्यपान उघडलं. टॅबवर आलं : पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी आहे.

आता कुणी हसलं नाही. त्याने माउस सोडला आणि मान खाली घातली.

"अरे, पुन्हा बदललं," मॅडम हळूच म्हणाल्या. "तू तर हातही लावला नाहीस."

त्याने वर पाहिलं.

टॅबवर होतं : आई गाता गाता थांबली.

टेबलावर त्याचा फोन थरथरू लागला.