कापलेला पट्टा

माहीमच्या धीरजने बोईसरच्या भंगारवाल्याकडून वाळूवर पळणारी जुनी बग्गी उचलली, केळव्याला पर्यटक फिरवायला. बायको रुचिताही हौसेने हाताला ग्रीस फासून बसली. दोघांनी इंजिन खोललं, गंज खरवडला, होडीचा उरलेला निळा रंग सांगाड्याला दिला.

सगळं जमलं. फक्त चालकाशेजारच्या सीटचा पट्टा मधोमध कापलेला होता, आणि त्याच घावाने गादीही पार फोमपर्यंत चिरली होती.

"उंदरांनी कुरतडलं असल," धीरज म्हणाला.

"उंदराकडं सुरी हाय काय?"

"तू कोळ्याची पोर ना? शीव जाळ्यासारखा, गप!"

रुचिताने नायलॉनच्या दोऱ्याने पट्टा शिवला. गाठ जाळ्याची, ओढावी तेवढी आवळणारी.

भर दुपारी सुरूच्या बनापाशी ती चालवायला बसली, नवरा शेजारी पट्टा लावून. पहिल्याच खड्ड्यात पट्टा आवळला. तिने बग्गी बंद केली, तरी तो आवळतच राहिला. धीरजची बरगडी मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"काप... रुचे, काप!"

तिने सीटखालच्या डब्यातली मासे साफ करायची सुरी पट्ट्यात घालून जोर लावला. पट्टा तटकन तुटला.

"बस, सुटलो गं," धीरजने श्वास घेतला.

रुचिताने हात मागे ओढला. हात येईना. तिच्या मुठीवर आणखी एक ओली, गार मूठ बसली होती, आणि सुरी धीरजच्या पोटात सावकाश उतरत होती.