मागचा झरोका
मुलांनो, डोळे मिटा आणि पुठ्ठ्याची इमारत मनात उभी करा. अठ्ठ्याऐंशी साली डोंबिवलीच्या आर्किटेक्ट उत्तराबाईंनी विद्यापीठाच्या विज्ञानभवनाचा तो नमुना बनवला होता. वीज न जाळता प्रयोगशाळा गार ठेवीन, असा त्यांनी शब्द दिला होता. नकाशा उद्याच द्यायचा होता, पण वारा कसा खेळतो ते पाहायला नमुन्याच्या खिडकीशी धरलेल्या उदबत्तीचा धूर आत शिरून कोंडत होता. मासे विकायला आलेल्या आवडाबाईंची लेक मालू म्हणाली, “बाई, वारा शिरल, पन जाईल कुठून? सुकं बोंबील ठेवायच्या खोपीला आयनं मागनं पन झरोका ठेवलाय.” “गप गं!” आवडाबाई ओरडल्या. उत्तराबाईंनी मात्र मागच्या भिंतीला भोक पाडलं. धूर सुळकन बाहेर पडला. त्यांनी हात जोडले. “गुरू भेटलीस गं! नकाशात ही खिडकी तूच काढ.” मालूने फ्रॉकला हात पुसले, खिडकी काढली आणि तिच्याखाली आईचं नाव लिहिलं.