गिरधरची सुई

दवाखान्यात कुत्रं चावल्यावरची लस नव्हती. डॉक्टरांनी फ्रीज उघडून दाखवला. जखम साबणाच्या पाण्यानं धुवून दिली आणि आजच्या आज जळगावला जा म्हणून सांगितलं.

लीलाधर दारात गेला, फाट्यावर एसटी दिसते का ते पाहिलं, परत आत आला. त्याची बायको पुष्पाबाई बाकावर बसली होती. पोटरीला फडकं बांधलेलं. केळीच्या बागेतून घरी येताना बांधावरच कुत्र्यानं धरलं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन भणभणत होतं. तो पुन्हा दारात गेला.

तेव्हाच हिलाल हवालदार गिरधरला घेऊन आला.

गिरधर त्यांच्याच गावचा. अडीच वर्षांपूर्वी एका रात्री त्यानं विळा घेऊन लीलाधरची कापणीला आलेली बाग आडवी केली होती. अडवायला गेलेल्या सालदाराची दोन बोटं गेली. पानं माझं नाव घेऊन बोलतात, एवढंच तो पोलिसांना सांगत होता. कोर्टानं त्याला आधी वेड्यांच्या इस्पितळात धाडलं. तिथं तो सुधारला, तेव्हा बहिणीच्या हवाली केला, तो एका अटीवर. महिन्याला वेडावरची एक सुई, पोलिसाच्या देखत.

या खेपेला सुईचं औषध उशिरा आलं होतं. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून छोटी बाटली काढली. नर्सबाईंनी पिचकारी उकळायला ठेवली.

लीलाधरनं ते पाहिलं. हे याच्यासाठीच का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. औषध लांबून येतं, कोर्टाचा हुकूम आहे, सरकारला द्यावंच लागतं.

"मले काय दिलं सरकारनं?" लीलाधर म्हणाला. "वादळानं बाग पडली असती तर पंचनामा तरी झाला असता. यानं पाडली, तर एका खोडाचीही मदत नही. याच्यामागं कोर्ट, याच्यामागं पोलीस, याच्यामागं डॉक्टर. अन् माह्या बायकोले साधी लस नही."

 डॉक्टर हळूच म्हणाले की दोन्ही औषधं त्यांनी मागवली होती, आलं एकच. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. तो शिरपूरकडचा, अहिराणी बोलायचा. "भाऊ, मनी ते ड्यूटी शे," तो म्हणाला.

गिरधर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. बाही वर केलेली. त्याचा पाय सारखा हलत होता आणि बोटं बाकाच्या फळीचा कोपरा खरवडत होती. नर्सबाई पिचकारी भरून जवळ आल्या तसा तो उठला आणि बाही खाली ओढली.

"माही सुई वहिनीले द्या," तो म्हणाला.

नर्सबाईंनी समजावलं की ही सुई त्या कामाची नाही, ती वेगळी असते. गिरधरनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मी पुढच्या महिन्यात घीन, वहिनीले द्या. हवालदारानं त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. आवारात कडुनिंब होता. गरम वाऱ्यानं त्याचा पाला सळसळत होता. गिरधर तिकडं बघत राहिला. ओठ हलायला लागले.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. लीलाधरनं बायकोला हाताचा आधार देऊन उठवलं. यानंतरची गाडी थेट संध्याकाळी होती. दोघं दारापर्यंत आली. गिरधर वाटेतच उभा होता. बाजूला हो म्हटलं तरी त्याला ऐकू गेलं नाही.

पुष्पाबाई थांबली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"पानं काय म्हनतात रे गिरधर?"

गिरधरनं मान वळवली. लहान मुलानं निरोप सांगावा तसं त्यानं सरळ सांगितलं, "आता तुमचं नाव घेतात, वहिनी."

 नर्सबाईंच्या हातात पिचकारी तशीच होती. एसटीनं पुन्हा हॉर्न दिला.

पुष्पाबाई मागं फिरली आणि लंगडत जाऊन बाकावर बसली. शेजारच्या जागेवर तिनं हात ठेवला. "ये. बस इथं," ती म्हणाली. तिनं हात उचलला नाही. गिरधर येऊन बसला.

लीलाधर एसटीकडं पाहत दारातच घोटाळला. मग आत आला, गिरधरसमोर गुडघ्यावर बसला आणि स्वतः त्याची बाही वर सारली.

"अन् वहिनीले?" गिरधरनं विचारलं.

"तिची लस जळगावले मिळन. आधी तू घे."

त्यानं गिरधरचा दंड दोन्ही हातांनी धरला. बाहेर एसटी निघाल्याचा आवाज आला, धुरळा दारापर्यंत आला. नर्सबाईंनी सुई टोचली. औषध तेलकट होतं, जायला वेळ लागला. गिरधर हलला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली उतरत होता.

"लीलाधरभाऊ," तो म्हणाला, "बाग कशी हाये औंदा?"



"निसवली," लीलाधर म्हणाला. "घड बाहेर पडून राह्यले."

नर्सबाईंनी सुई काढली, वर कापूस दाबला आणि आता सोडा म्हणाल्या. लीलाधरनं दंड सोडला नाही.