गुरुवारचा थर्मास

फ्रिज उघडण्याआधी तौनोने लोकरीचे हातमोजे चढवले, कारण हिल्का बघत होती.

त्याने दुधाची बाटली काढून तिच्या हवाली केली. तिने दूध कोमट केलं आणि मगच त्याच्यापुढे ठेवलं. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधासोबत मिळालेला सूचनांचा कागद तिला तोंडपाठ होता. आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला, तेव्हापासून दर दुसऱ्या गुरुवारी ते औषध त्याच्या शिरेत सोडत. मग गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचत, गार घोट घेतला की घसा आवळून येई. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई ती. नवऱ्याकडूनही तिने हा धडा घोकून घेतला होता.

पण डॉक्टरीणबाईंनी ते औषध नोव्हेंबरातच बंद केलं होतं. आता उपयोग नाही, नुसता त्रास, असं त्या म्हणाल्या. घरी हे सांगायला तौनोची जीभ रेटेना. "तू सोबत आलीस की मी आजारी दिसतो," असं म्हणून त्याने हिल्काला पहिल्यापासून इस्पितळाबाहेर ठेवलं होतं. तेच आता कामी आलं. तो बसने गावात जाई, वाचनालयात खिडकीशी दिवस काढी आणि दमलेला चेहरा करून परते. बोटांतल्या सुया केव्हाच गेल्या होत्या.

सोंग छान वठलं होतं. जीव अडकला होता तो फक्त खाडीत. खाडी गोठली की धक्क्यापाशी बर्फात चौकोन पाडत, आणि दर रविवारी दोघं त्या काळ्या पाण्यात उतरत, लग्नाच्याही आधीपासून. या हिवाळ्यात ती एकटी उतरे आणि तो जाड कोटात तिचा टॉवेल धरून उभा राही. आणखी एकदाच, तिच्या शेजारी, गळ्यापर्यंत. दुसरं मागणं त्याच्यापाशी उरलं नव्हतं. पण पाण्यात पाय टाकला असता तर तिला सगळं कळलं असतं.

मागल्या रविवारी ती शिडीने वर येताना तिची टोपी निसटून बर्फाच्या चिखलात पडली. त्याने ती उघड्या हातांनीच चटकन उचलली, पिळली आणि तिच्या हातात दिली. पाणी त्याच्या मनगटांवरून ओघळलं.

"कसं होतं पाणी?" त्याने विचारलं.

"तुझ्याशिवाय? गारच." ती टोपीकडे बघत होती.

"वसंतात उतरू दोघं."

"वसंतात बर्फ राहतो होय रे, म्हाताऱ्या?"

ती टोपी डोक्यावर न घालता हातात धरूनच ती घरापर्यंत चालली. त्याला त्यात वावगं वाटलं नाही.

गुरुवारी तिने नेहमीसारखी पिशवी भरून दिली. राईचा पाव, ओकारी आली तर असावा म्हणून टॉवेल, आणि बेरीच्या गरम रसाचा थर्मास. तिने त्याचा मफलर नीट गुंडाळला.

"रस संपव. आज दुपारी मी धक्क्यावर आहे."

गुरुवारी ती कधी धक्क्यावर जात नसे. एकटीला घर खायला उठत असेल, असं त्याच्या मनात आलं. खोटं बोलल्याची त्याला फार लाज वाटली.

वाचनालयात तो खिडकीशी बसला. पिशवीत आज टॉवेल दोन होते. वय झालं आता हिल्काचंही, असं म्हणत त्याने ते बाजूला सारले. थर्मासचं झाकण काढून रस पेल्यात ओतला.

रसाबरोबर बर्फाचे खडे खळखळत पेल्यात पडले.