बसच्या दारात

नव्या कोचने माईक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात ‘नवं पर्व’ म्हणून टाकलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आर्डिसच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

आयोवातलं एवढंसं गाव, एवढंसं कॉलेज. इथे बास्केटबॉलचा कोच बदलला की न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत दुसरा विषय नसतो. आज निम्मं गाव जिममध्ये लोटलं होतं. टेबलावर कॉलेजच्या रंगाचा हिरवा-पांढरा केक होता. खेळाडू पोरं टाय लावून भिंतीला टेकली होती. आणि कोचच्या शेजारी कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. कर्टिस. आर्डिसचा पोटचा मुलगा.

याच कर्टिसने गेल्या महिन्यात रॉय हालवर्सनला काढलं होतं. एकोणीस वर्षं इथला कोच असलेल्या रॉयला. मोसमातला शेवटचा सामना हरलेल्या संघाची बस परत आली. रॉय पायरीवरून उतरतो न उतरतो, तोच कर्टिसने त्याला पार्किंगमध्ये, बर्फाच्या ढिगाशेजारी गाठलं. आर्डिस पोरांसाठी सूप घेऊन थांबली होती. तिने सगळं पाहिलं. रॉयने खिशातून जिमच्या किल्ल्या काढून दिल्या आणि तो चालायला लागला.

“कोच मॅकार्डलना कुणाला काही विचारायचंय?” कर्टिस म्हणाला.

आर्डिस उभी राहिली. कर्टिसचं हसू मावळलं.

“करार नीट वाचलास का रे बाबा?” तिने नव्या कोचला विचारलं.

लोक हसले. कोचही हसला. “वाचला की, मॅडम.”

“मग तुला काढायची वेळ आली की कुठे काढणार, ते लिहिलंय का त्यात? ऑफिसात बोलावून, की बसच्या दारात, पोरांच्या डोळ्यांदेखत?”

“आई, खाली बस.”

“बसते. आधी त्याला कळू दे.”

मॅकार्डल कर्टिसकडे वळला. “तुम्ही तर म्हणालात, हालवर्सन स्वतःहून निवृत्त झाले.”

“आपण हे नंतर बोलू.”

कोचने माईक टेबलावर ठेवला आणि तो भिंतीपाशी गेला. “तुम्ही होतात त्या बसमध्ये?”

 सगळ्यात उंच होता तो, मार्कीस, बोलला. “होतो. कोच उतरले की परत दार उघडायचं नाही, असं ड्रायव्हरला सांगितलं होतं. कोचनी जाताना बाहेरून काचेवर हात ठेवला. तेवढंच.”

त्यानंतर कुणीतरी घाईघाईने केक कापला.

ट्रॉफ्यांच्या कपाटापाशी कर्टिसने आईला गाठलं. त्याचे कान लाल झाले होते.

“जनाची नाही, मनाची तरी? नोकरी आहे माझी ही!”

“आणि रॉयची काय, हौस होती?”

“दोन मोसमांत सात सामने जिंकले त्यांनी, आई. सात! वरून माझ्यावर दट्ट्या होता. मी तिथेच सांगितलं नसतं तर सकाळी फोनवर बातमीच वाचली असती त्यांनी.”

“हरतो त्याला खुशाल काढ. रॉयच्या नावाने मी काय कमी बोटं मोडली? पण तुला धड चेंडू आपटता येत नव्हता, तरी चार वर्षं संघात ठेवलं त्याने. कधी बोलला तुला पोरांसमोर? आणि वर खोटं सांगितलंस. निवृत्त झाला म्हणे!”

“चारचौघांत नागडं केलंस तू मला आज.”

“हो,” आर्डिस म्हणाली. “केलं.”

तिने कोट चढवला. घाईत बटणं लावली. दोन तशीच राहिली. कर्टिस परत जिममध्ये शिरला.

बाहेर लख्ख ऊन होतं. नव्या कोचची गाडी एका कडेला उभी होती, तो आत बसलेला दिसत होता. मागच्या सीटवर लहान पोरांना बसवायच्या दोन खुर्च्या बांधलेल्या होत्या. आर्डिस थबकली. या माणसाने तिचं काहीच बिघडवलेलं नव्हतं. राग त्याच्यावर नव्हताच. निदान एवढं तरी सांगावं, म्हणून ती गाडीपाशी गेली.

काच खाली होती. टाय सैल करून, कपाळ स्टिअरिंगला टेकवून तो फोनवर बायकोशी बोलत होता.

“नाही, चांगली आहेत गं माणसं. केकसुद्धा आणला होता,” तो म्हणाला. “एक सांगू? तिकडचं घर इतक्यात विकायला नको.”