शनिवारचा फेस

लायलनं उजवी बाही कोपराच्या वर दुमडली, टाकीखालच्या कपाटात डोकं घातलं आणि पाण्यात हात बुडवणार, तोच मागून कर्ट म्हणाला, "थांब दोस्ता. एक मिनिट."

लायल थांबला. वर टाकीत, निळ्या उजेडात, प्रवाळ डुलत होते. गावाचं नाव ग्रँड आयलंड, आणि समुद्र कुठल्याही बाजूला गाडीनं दोन दिवसांवर; त्यामुळे गावातला सगळा समुद्र तो एवढाच. खाली कपाटात, टाकीचं पाणी जिथे गाळायला उतरतं त्या छोट्या हौदात, स्किमर घरघरत होता. स्किमर म्हणजे टाकीची मोरी. यंत्र पाण्यात बुडबुडे सोडतं, घाण फेसाला चिकटते, फेस नळीतून वर चढतो आणि कपात सांडतो. फेस किती चढावा ते एका चावीवर ठरतं. आज फेस हवा तिथे, अगदी कपाच्या काठाशी उभा होता. ही वाईट बातमी होती.

कारण घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशबाईंनी "मुलं?" असं विचारलं, तेव्हा लायल "प्रवाळ" म्हणाला होता. टाकी हलवली तर सगळं मरणार. म्हणून टाकी घरात राहिली, घर त्याच्या बायकोकडे, मार्नीकडे राहिलं आणि पुढे मार्नीकडे कर्ट राहायला आला. लायलच्या वाट्याला स्किमर आला. नव्या यंत्राचा जम बसेपर्यंत त्यानं दर शनिवारी येऊन ते लावून द्यावं, असं ठरलं. जम बसायला फार तर महिना लागतो. लायलचं दुसरं वर्ष चालू होतं.

युक्ती सोपी होती. हाताचं तेल पाण्यात उतरलं की फेस बसतो आणि रात्रीतून आपला आपण उठतो. लायल येतानाच, गाडीत बसून, कोपरापर्यंत बदामाचं क्रीम चोळायचा. मिठाच्या पाण्यानं हात फाटतात, असं कुणी विचारलंच तर सांगायला होतं. अख्ख्या नेब्रास्कात एवढी मऊ कोपरं असलेला ट्रॅक्टर-मेकॅनिक दुसरा नव्हता. "पंपाची नाडी बघतो," म्हणत तो हात बुडवायचा. फेस मान टाकायचा. "अजून काही जमत नाही," लायल म्हणायचा. मग मार्नी टेबलावर तिसरा वाडगा ठेवायची. शनिवारी तिच्याकडे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं झणझणीत कालवण, असायची आणि सोबत गरम सिनॅमन रोल. तिघं मॅच बघत जेवायचे. लायल हळूहळू जेवायचा.

"मी जरा विचार केला," कर्ट म्हणाला. गारपीट झाली की लोकांच्या छपरांवर चढून विमा कंपनीसाठी नुकसान ठरवायचं, हा त्याचा धंदा. माणूस इतका भला की त्याच्यावर धड चिडताही यायचं नाही. "सोमवार ते शुक्रवार फेस झकास असतो. शनिवारी तू आलास की पडतो. छपराचंही असंच असतं बघ. खड्डा दिसला की आधी बघायचं, तो कुठल्या दिवशीचा."

"योगायोग," लायल कपाटातूनच म्हणाला.

"मीही तेच म्हटलं! मग वाचून काढलं. तेल रे, हाताचं तेल!" कर्टला आनंद आवरेना. "तू बिचारा इतके दिवस राबतोयस, आणि तुझाच हात तुला आडवा येतोय."

"त्याला माहीत आहे, कर्ट," स्वयंपाकघरातून मार्नीचा आवाज आला.

"काय माहीत आहे?"

भांड्यात डाव फिरत राहिला. "काही नाही. दे त्याला काय आणलंयस ते."

कर्टनं पाठीमागून खोकं काढलं. त्याच्या भावाकडे गाई होत्या. गाय अडली की आत हात घालून वासरू ओढतात, तेव्हा घालायचे ते हातमोजे. नारिंगी, खांद्यापर्यंतचे. खोक्यात शंभर होते.

"शंभर?" लायलनं विचारलं.

"एकच लागेल," मार्नी आतून म्हणाली.

लायलनं हातमोजा चढवला आणि हात पाण्यात घातला. फेस हलला नाही. त्यानं बोटं फिरवली. मग जमेल तेवढं पाणी ढवळलं. फेस जागचा ढिम्म. शेवटी त्यानं हळूच चावीकडे हात नेला, तर चावीवर आणि तिच्या बुडाशी नेलपॉलिशची एक एक बारीक लाल रेघ होती. दोन्ही रेघा समोरासमोर. चावी केसभर फिरली तरी कुणालाही दिसावं अशा. तो लाल रंग लायलनंच कधीतरी मार्नीला आणून दिला होता.

"काय? बसला ना जम?" कर्ट गुडघ्यांवर बसून आत डोकावला.

लायलनं चावीजवळून हात मागे घेतला. "बसला," तो म्हणाला.

कर्टनं हात पुढे केला. लायलनं हातमोज्यासकट हात मिळवला. वासरू झालं नव्हतं, तरी दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

मार्नी बाहेर आली. तिच्या हातात चंदेरी कागदात बांधलेला डबा होता. टेबलावर दोनच वाडगे होते, आणि ते आधीपासून मांडलेले होते.

"बांधून दिलंय. गरम आहे, सांभाळून ने," ती म्हणाली. दारापर्यंत ती सोबत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इतके दिवस घराला बदामाचा वास येतोय, लायल."

"मिठानं हात फाटतात," लायल म्हणाला.

"हो ना," मार्नी म्हणाली, आणि दार अलगद लावून घेतलं.

गाडीत बसल्यावर त्यानं डबा बाजूच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. खिडकीतून टाकीचा निळा उजेड दिसत होता. मॅच सुरू झाली असावी. आत कर्ट ओरडला. लायलनं सवयीनं क्रीमची बाटली उचलली, दाबली आणि चोळायला लागला. हातमोजा काढायचा राहिला होता. क्रीम काही केल्या जिरेना. तो चोळत राहिला.